मंदाताईंची स्थळं

बैठक एका रविवारी सकाळी घाटकोपरच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात भरली. हजर माणसं तेवीस. लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेली रक्कम अठ्ठावीस हजार. विषय एकच होता. क्लबच्या रेडिओ स्टेशनच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवायचं की लिनक्स घालायचं?

आम्ही सगळे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतो, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातापाया पडून गच्चीवर तार ताणतो आणि जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलतो. पूर्वी एक रेडिओ आणि दोन कान एवढ्यावर भागायचं. आता कॉम्प्युटर जोडला नाही तर अर्धा छंद बंद राहतो. आणि कॉम्प्युटर म्हटला की कोणता, त्यात काय घालायचं, यावर तेवीस माणसांची तीस मतं.

मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो, त्यामुळे तक्ता करूनच गेलो होतो. चौदा निकष, प्रत्येकाला वजन, शेवटी बेरीज. विंडोज अठ्ठ्याहत्तर, लिनक्स एकाहत्तर. पंचवीस प्रती काढून वाटल्या आणि अर्धा तास समजावून सांगितलं. सगळे कागद नीट धरून बसले होते, त्यावरून मला वाटलं की पटलं.

शेवटच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. वय साठीच्या पुढचं. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केस कानापर्यंत कापलेले. त्यांनी माझा तक्ता दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"तक्ता छान केलायस रे," त्या म्हणाल्या. वर्गात कुजबुज चालली होती ती थांबली, कारण तो आवाज माइकशिवाय शाळेच्या फाटकापर्यंत पोचेल असा होता. "दोन्ही मुलांचा पगार लिहिलायस, उंची लिहिलीस, घरदार लिहिलंस. पण मुलगी कोण?"

"कसली मुलगी?" मी विचारलं.

"अरे, ह्या लॅपटॉपसमोर बसणार कोण? नवरा ठरवायला आलायस आणि नवरीचं नाव विचारलं नाहीस!"

वर्ग हसला. माझा मित्र मिलिंद गायकवाडसुद्धा हसला, आणि तो माझ्याच शेजारी बसला होता. मग बाईंनी हात वर करायला सांगितले. स्टेशनवर पाळीने बसणार किती? आठ. त्यांतले आजवर विंडोजखेरीज काही न वापरलेले किती? सहा. "मग झालं की," त्या म्हणाल्या, "विंडोज."

म्हणजे निर्णय माझाच झाला. माझ्या चौदा निकषांतून जे निघालं तेच त्यांच्या दोन प्रश्नांतून निघालं. पण इतिवृत्तात लिहिलं गेलं, "श्रीमती परब यांच्या सूचनेनुसार." मी दुरुस्ती सुचवली. क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "यार, कशाला? उत्तर तर तेच आहे ना."

मंदाताई परबांची आणि माझी ओळख ही अशी झाली. तेव्हापासून पाच वर्षं मी त्यांचा हेवा केला, आणि तो कमी झाला नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

त्या बोरिवलीला, एका जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. विसाव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या, ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. त्या काळी शंभर खरखरींतून एक माणूस ओळखून दुसऱ्याला जोडून द्यायचं काम. रेडिओचा परवाना त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. लग्न केलं नव्हतं. "चाळीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या, आपली एंगेजच राहिली," हे त्या कुणालाही पहिल्या दहा मिनिटांत सांगत.

आणि ह्या बाई स्थळं जुळवायच्या. शब्द त्यांचाच. शनिवारी दुपारी जेवणानंतर दहिसरपासून सांताक्रूझपर्यंतचे हॅम, म्हणजे आमच्यासारखे हौशी रेडिओवाले, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्या बॅग उघडू द्यायच्या नाहीत. आधी समोरच्या खुर्चीत बसवायचं, तेही खिडकीकडे तोंड करून. "उजेडात बस. मला तोंड दिसू दे." मला हा जुन्या सुपरवायझरचा तोरा वाटायचा. मग रेडिओ कुठला, केबल कुठली, लॅपटॉप किती वर्षांचा, हे सगळं विचारायच्या. ह्याला त्या पत्रिका म्हणत. पुढचे प्रश्न माणसाबद्दल. हा लॅपटॉप घरात आणखी कोण वापरतं? मुलाची परीक्षा कधी? काही बिघडलं तर तू स्वतः शोधतोस की आरडाओरडा करतोस?

"विंडोज म्हणजे मोठ्या घरातला मुलगा," त्या सांगायच्या. "ओळखी सगळ्यांशी. काही अडलं तर विचारायला दहा माणसं. पण घरी पाव्हणे फार, व्हायरस न् काय काय, ते सांभाळायला हवेत. लिनक्स गुणी. निर्व्यसनी, खर्च शून्य. पण बोलत नाही. त्याचं काय दुखतंय ते तुलाच ओळखायला लागणार." मॅकबद्दल म्हणायच्या, "तो देखणा. रूपावर जाऊन करू नकोस, आधी तुझं सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलतं का बघ." आणि खिशात मावणारा तो छोटा बोर्डवाला कॉम्प्युटर असतो, जो रेडिओच्या मागे ठेवून दिला की दिवसरात्र चालतो, तो त्यांच्या भाषेत घरजावई. कोपऱ्यात राहतो, कमी खातो, कुणाला दिसत नाही.

लोक हसत घरी जायचे आणि त्यांनी सांगितलेलं घालायचे. मला सगळ्यात लागायचं ते हे की ते चालायचं. मी माझा तक्ता दर तीन महिन्यांनी सुधारत होतो. निकष चौदाचे एकोणीस झाले. क्लबच्या ग्रुपवर टाकला की दोन अंगठे यायचे. त्यांतला एक मिलिंदचा.

मग माझ्या हातून नेट गेलं. नेट म्हणजे आमची रविवारची हजेरी. सकाळी साडेआठला सगळे एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर येतात. एक जण कंट्रोलला बसतो, बाकीचे एकेक करून आपलं सांकेतिक नाव सांगतात, कंट्रोलवाला नोंद घेतो, दोन शब्द बोलतो, पुढच्याला बोलावतो. बाहेरच्याला ह्यात काय विशेष असं वाटेल. पण आठवडाभर मी कारखान्यात दुसऱ्यांच्या खर्चाचे आकडे जुळवतो; रविवारी पाऊण तास माझ्या सांगण्यावरून माणसं बोलत आणि थांबत. नऊ वर्षं नेट मी चालवलं. एकदाही साडेआठचे आठ बत्तीस झाले नाहीत.

मंदाताईंच्या पहिल्या वर्षातच मी दोन रविवार गावी गेलो आणि ते दोन रविवार त्यांनी सांभाळले. परत आलो तर सेक्रेटरीचा फोन. "ऐक ना, लोक म्हणतायत ताईंनाच करू दे. तुलाही जरा आराम." मी आराम मागितला नव्हता. माझ्या वेळी सरासरी बारा माणसं यायची. त्यांच्या वेळी सव्वीस झाली. मी दर रविवारी मोजायचो, म्हणून आकडा पक्का आहे.

मी ऐकत बसायचो. "या साहेब, आज आवाज बसलाय, काल लग्नाला गेलात वाटतं?" समोरचा खूश. "थांबा, मुलुंडचं कोणीतरी मागून बोलतंय, हळू आवाज आहे, त्यांना आधी घेऊ." मुलुंडचा तो हळू आवाज माझाच असायचा.

मिलिंद दहिसरला राहतो. विमा कंपनीत आहे. आम्ही परीक्षा एकाच दिवशी दिली, मोर्स एकमेकांना टिचक्या मारून शिकलो. त्याच्या रेडिओचं काही अडलं तर तो मला फोन करायचा, हे पंधरा वर्षं ठरलेलं. एक दिवस त्याने मंदाताईंच्या सांगण्यावरून लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्सही घातलं. हॉलमध्ये घरची मंडळी लिनक्स वापरणार, गच्चीलगतच्या खोलीत तो रेडिओसाठी विंडोज वापरणार. आणि महिन्याभरात त्याचे संपर्क पक्के होईनात.

इथे थोडं सांगायला हवं. एफटी-एट नावाची एक पद्धत आहे. तिच्यात माणूस बोलत नाही. कॉम्प्युटर पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने बारीक सूर पाठवतो, समोरचा कॉम्प्युटर ते ओळखून पडद्यावर अक्षरं दाखवतो. घड्याळाचे सेकंद जुळले नाहीत तर काहीच वाचता येत नाही. मग दोघं आपापली नोंद इंटरनेटवर चढवतात, आणि तारीख-वेळ जुळली की संपर्क पक्का. नोंदीतली वेळ जगाची, म्हणजे मुंबईच्या साडेपाच तास मागे.

मिलिंदने ह्या वेळी मलाच फोन केला. मला बरं वाटलं. मी तीन रविवार त्याच्याकडे गेलो. नावातली अक्षरं तपासली, सॉफ्टवेअर काढून परत घातलं. घड्याळाचा संशय आला होता, पण मी तो हिशेबाने बाद केला. घड्याळ चुकलं असतं तर संपर्कच झाला नसता, आणि संपर्क तर होत होते. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात जगाची वेळ अगदी बरोबर दिसत होती. मी स्वतः पाहिली.

चौथ्या रविवारी मिलिंद म्हणाला, "चल रे, ताईंकडे जाऊन येऊ." मला नको होतं. पण तो एकटा गेला असता तर ते आणखी नको होतं.

मंदाताईंनी त्याला उजेडात बसवलं आणि विंडोज चालू करायला सांगितलं. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कोपऱ्यातलं घड्याळ काय म्हणतंय?"

"सहा चाळीस," मिलिंद म्हणाला. "बरोबर आहे ना. जगाची वेळ."

"तू त्याला जगाची वेळ दाखवायला सांगितलंस?"

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला.

"अरे, ते बिचारं मुंबईची वेळ दाखवतंय! त्याला वाटतंय मुंबईत सहा चाळीस झालेत. आणि नोंद करताना त्यातून आणखी साडेपाच तास वजा करतंय." त्या इतक्या हसल्या की खुर्ची मागे सरकली. "घरात दोन सासवा आल्या ना तुझ्या. मशीनच्या आतलं घड्याळ एकच. लिनक्सची सासू ते जगाच्या वेळेला लावून जाते. विंडोजची सासू येते, तिला वाटतं हे मुंबईचंच. दोघींपैकी कुणाचं चुकत नाही. तू त्यांची ओळख करून दिली नाहीस."

ही चूक फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. दुसरा कोणी भरदुपारी सहा चाळीस पाहून लगेच ओरडला असता. आम्ही मात्र भिंतीवरसुद्धा जगाच्या वेळेचं घड्याळ लावतो, त्यामुळे ते दिसलं की निश्चिंत होतो.

"पण मग सेकंद कसे जुळत होते?" मी विचारलं.

"तूच भागून बघ की रे, कॉस्टिंग. साडेपाच तासाला पंधरा सेकंदांनी."

एक हजार तीनशे वीस. बाकी शून्य. कितीही पाळ्या मागे गेल्या तरी सेकंद जागेवरच. हा भागाकार माझा होता. त्यांनी एका सासूला समजावलं, म्हणजे लिनक्सची एक सेटिंग बदलली, आणि पाच मिनिटांत काम संपलं. जाताना मिलिंद जिन्यात म्हणाला, "बाई झकास आहे यार!" मी म्हटलं, "हो." त्यानंतर त्याचे फोन तिकडे जायला लागले.

एकदा त्या मुलुंडला आमच्याकडे आल्या. माझी बायको नीता रेडिओच्या खोलीला अडगळ म्हणते. ती त्या दिवशी तासभर त्या अडगळीत बसली आणि मंदाताईंना विचारून विचारून सगळं समजून घेतलं. मी अठरा वर्षं हेच सांगत होतो. मंदाताईंनी माझी मांडणी पाहिली, नोंदींचं सॉफ्टवेअर पाहिलं, संपर्काची पोच म्हणून पाठवायची कार्डं छापायचा प्रिंटर पाहिला.

"काय सुचवाल?" मी मुद्दाम विचारलं. काय उत्तर द्यायचं ते मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं.

"काही नाही. तुझं लग्न लागलंय, संसार सुखाचा चाललाय. मी कशाला मधे बोलू?"

एवढी तयारी वाया गेली. मग नीताने मागून हाक मारली, "ताई, चहा." त्यांनी लक्ष दिलं नाही. परत हाक मारली. तरी नाही. नीता समोर आली तेव्हा एकदम तोंडभर हसून कप घेतला. मी मनात म्हटलं, बाईंना शिष्टपणा आहे थोडा. हे मनात म्हणताना मला समाधान वाटलं.

पाचव्या वर्षी नेटमध्ये चुका व्हायला लागल्या. "परत सांगा," हे त्या पूर्वी एखाद्याला म्हणायच्या, आता चौथ्या-पाचव्याला म्हणू लागल्या. मिलिंदचं सांकेतिक नाव, जे त्यांनी शेकडो वेळा घेतलं असेल, ते एका रविवारी दोनदा चुकलं. कोणी म्हणालं आवाज पुढे पोचवणारा रिपीटर बिघडलाय, कोणी म्हणालं बॅटरी. मी मोजत होतो. सव्वीसची सरासरी एकोणीसवर आली होती, आणि मी सेक्रेटरीशी बोलायचं ठरवत होतो.

मी बोलायच्या आधी त्यांचाच मेसेज आला. "शनिवारी ये. एकटा ये."

गेलो तर शनिवार असून कोणीच नव्हतं. ह्या वेळी त्यांनी मला उजेडात बसवलं.

"रविवारचं नेट तू घे," त्या म्हणाल्या.

पाच वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघत होतो. तरी तोंडातून आलं, "का?"

"माका आयकाक येना नाय रे." मालवणी त्या फक्त चिडल्या की बोलायच्या. "उजवा कान एक्स्चेंजमधून सुटले तेव्हाच अर्धा गेला होता. आता डावाही चाललाय. यंत्र लावून बघितलं, खरखर तेवढी मोठी होते. रेडिओवरचा 'स' येतच नाही. मिलिंदचं नाव मी त्याच्या खोकल्यावरून ओळखत होते. मेल्याने सिगरेट सोडली!"

मला हसू आलं आणि त्यांनाही.

"पण मग एवढी वर्षं नेट..."

"आवाज पाठ होते. नवीन माणूस आला की वाट लागायची."

टेबलावर तीन कॉम्प्युटर चालू होते. तिन्हींवर निळसर पडदा, त्यावर वरून खाली सरकणाऱ्या बारीक उजळ रेघा. रेडिओत येणारा प्रत्येक सूर असा पडद्यावर रेघ होऊन उतरतो. आम्ही त्याला धबधबा म्हणतो. माझ्याकडेही तो आहे, कोपऱ्यात, लहान करून ठेवलेला. त्यांचा पूर्ण पडदाभर होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "ही जाड रेघ जवळची. ही थरथरते ती उत्तरेकडची, ध्रुवावरून येते ना, म्हणून. ही अगदी फिकी आहे ना, हिच्यासाठी तीन महिने घालवले. हे सॉफ्टवेअर त्या सिस्टीमवर बरं दिसतं, ते ह्या सिस्टीमवर. रंग बदलून बघितले, पडदा बदलून बघितला. जेवढी स्थळं ह्या जगात आहेत तेवढी सगळी बघितली रे. लोकांना वाटतं त्यांच्यासाठी. माझ्यासाठी बघत होते. कानाचं काम डोळ्यांना येतं का ते."

"मग शेवटी कोणतं पसंत केलंत?" मी विचारलं. माझ्या एकोणीस निकषांत डोळ्यांचा निकष नव्हता.

"एक कोणी पुरा पडला नाही. तिघांशी संसार चाललाय." त्यांनी तिन्ही पडद्यांकडे बोट केलं. "सोसायटीत सांगू नकोस."

इमारत पुनर्विकासाला निघाली होती. भाडं घेऊन दुसरीकडे राहण्यापेक्षा त्या भावाकडे मालवणला जाणार होत्या. तिकडे विजेचा गोंगाट कमी, रेघा स्वच्छ दिसतील, म्हणाल्या. नेटची वही त्यांनी मला दिली नाही, कारण त्यांनी ती कधी ठेवलीच नव्हती.

तेवढ्यात मधल्या पडद्यावर काहीतरी उजळलं आणि त्या वळल्या. अक्षरं उमटायला लागली. दक्षिण अमेरिकेतला कोणीतरी त्यांचं नाव घेऊन हाक मारत होता. मी उठलो, चपला घातल्या. "येतो ताई," म्हटलं. पाठ माझ्याकडे होती. परत म्हटलं नाही.

दार ओढायच्या आधी मी त्यांच्याकडे पाहिलं. रेडिओचा आवाज त्यांनी पूर्ण बंद केला होता. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. त्या पुढे वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, एका फिक्या रेघेकडे बघत होत्या, आणि घरात आपलं माणूस आल्यावर बाया हसतात तशा हसत होत्या. मधेच त्या पडद्याला म्हणाल्या, "आलास? ये, ये." मग अंदाजाने, न बघता, त्यांचा हात कीबोर्डवर गेला.

रविवारचं नेट माझ्या हातात आलं होतं. माझे दोन्ही कान ठणठणीत होते. पंचवीस वर्षं मी रेडिओ ऐकतो, नोंद करतो, कार्ड छापतो, पोस्टात टाकतो. मला तिकडून कोणी असं आलेलं आठवत नाही. त्या दारात मी बराच वेळ उभा राहिलो, आणि त्या बाईंचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता.